अकरा वाजताचा डबा

पद्माक्काचा फोन आला तेव्हा मी म्हैसुरात हिनकलच्या बसथांब्याजवळच्या हॉटेलात चौघांना हत्तीची गोष्ट सांगत होतो. गोष्ट नेहमीचीच, दसऱ्याच्या तालमीतला हत्ती माझी छत्री घेऊन कसा पळाला ती. दर वेळी हत्ती वीतभर वाढतो, छत्री होती तेवढीच राहते. एका हातानं फोन कानाला लावला आणि दुसऱ्यानं चौघांना ‘थांबा, संपलेली नाही’ अशी खूण केली. पलीकडून ती म्हणाली, “भावजी, नंजनगूडच्या स्टेशनवरून फोन आला होता. ह्यांनी आज डबा उघडलाच नाही म्हणतात.” मी म्हणालो, “भूक नसेल, अक्का.” ती म्हणाली, “तसं नव्हे, भावजी.” आणि मला कळलं. हत्ती अर्ध्या रस्त्यात उभा राहिला तो अजून तिथंच आहे.

व्यंकटराव इंगळे, म्हणजे आमचा व्यंकण्णा, पद्माक्काचा नवरा, नंजनगूड स्टेशनच्या फलाटावर शेवटून दुसऱ्या बाकावर, मांडीवर तीन कप्प्यांचा डबा धरून, बसल्या बसल्या गेला. चहावाल्याला वाटलं डुलकी लागली असेल. पण सात वर्षं अकराच्या ठोक्याला डबा उघडणारा माणूस साडेअकरा झाले तरी झाकणाला हात लावत नाही, म्हणून तो बघायला गेला. याला आता पाच आठवडे झाले. त्याच्यावर लिहा असं पुरवणीवाल्यांनी मला सांगितलं, ते माझी ख्याती ठाऊक नसल्यामुळं. माझी ख्याती थापांची आहे. व्यंकण्णा मला ‘बुरुडेराव’ म्हणायचा. बुरुडे म्हणजे कन्नडात थाप, आणि राव तर आमच्यात सगळेच. तेव्हा या लेखात हत्ती, देगड्या आणि पूर्वज येतील तिथं चार आणे खरं धरून चाला. एक गोष्ट मात्र सोळा आणे खरी आहे, आणि तेवढ्यासाठीच मी लिहायला बसलोय. व्यंकण्णानं एक पाप स्वतःच्या नावावर सांगून ठेवलं होतं. ते त्याचं नव्हतं. त्याच्याबरोबर जळून जाईल अशी माझी आशा होती… नाही जळलं.

आम्ही दोघं एका गल्लीतले. आमची घराणी कुठल्याशा फौजेबरोबर म्हैसुराकडं आली आणि परतीची वाट विसरली. माझे पूर्वज प्रत्येक लढाईला बरोबर एक दिवस उशिरा पोचत, म्हणून आमचा वंश टिकला. व्यंकण्णाचे वेळेवर पोचत, म्हणून त्यांच्या घरात माणसांपेक्षा तसबिरी जास्त. घरात आम्ही मराठी बोलतो, पण वाक्य मराठीत निघतं आणि कन्नडात जाऊन उतरतं. शिकून मी सरकारी कचेरीत चिकटलो आणि व्यंकण्णा म्हैसुरातल्याच हेब्बाळच्या एका कारखान्यात कँटीनचा सुपरवायझर झाला. त्याच्या सांबाराच्या देगडीच्या एका काठावर पाऊस पडत असला की दुसऱ्या काठावर ऊन असायचं, हे मी शंभर जणांना सांगितलंय आणि साठेक जणांना पटलंय. पण त्याची खरी विद्या सांबारात नव्हती. माणसं जेवतात कशी हे बघण्यात होती. कोण घरी भांडून आलाय, कुणाचं पोर आजारी आहे, कुणाला आज साहेबानं झापलंय, हे त्याला ताटावरून कळायचं. “तोंड बुरुडे बिडतं रे, थापा मारतं,” तो मला म्हणायचा, “हात नाही बिडत.”

एकदा कारखान्यातून काही पोरं कमी केली. त्यातला पंचविशीचा एक फिटर दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी आला आणि गेटबाहेरच्या झाडाखाली डबा घेऊन बसला. तिसऱ्या दिवशीही. घरी सांगितलं नव्हतं त्यानं. व्यंकण्णा रोज कँटीनमधलं ताक ग्लासात घालून त्याच्याकडं न्यायचा, ग्लास ठेवायचा, रिकामा घेऊन यायचा. एक शब्द नाही. वॉचमन म्हणाला, “अण्णा, विचारा तरी, रोज का येतोस म्हणून.” व्यंकण्णा म्हणाला, “ते त्याला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. विचारून तिसऱ्या कुणाला सांगायचंय?” एकोणिसाव्या दिवशी त्या फिटरनं ग्लास परत देताना स्वतःहून विचारलं, “अण्णा, कुठं काही मिळेल का?” तेवढ्या एका वाक्यावर व्यंकण्णाचं पुढचं सगळं आयुष्य गेलं.

म्हैसुरात अशा मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था तोवर बऱ्याच झाल्या होत्या. शाळा सुटलेली, कॉलेजात पाय अडकलेली, काम न लागलेली किंवा लागून सुटलेली, अशी अठरा ते पंचविशीची मुलं-मुली. संस्थांकडं खोल्या होत्या, यंत्रं होती, शिकवणारे होते, भिंतीवर हसऱ्या चेहऱ्यांचे बॅनर होते. नव्हती ती मुलं. कारण सर्वेवाली बाई दारात जायची आणि आई सांगायची, “आमचा जातो की कामाला. रोज डबा घेऊन जातो.” बाई फॉर्मवर ‘कामाला’ असं लिहून पुढच्या दारात. रिटायर झाल्यावर व्यंकण्णा या संस्थांकडं स्वतःच्या पायानं गेला. एमएसडब्ल्यू झालेल्या पोरी आणि टाय लावलेले डायरेक्टर समोर, आणि हा कँटीनचा माणूस लुंगी सोडून कशीबशी पँट घालून आलेला. शिल्पा नावाची एक फील्ड ऑफिसर होती, कन्नडच, हुशार आणि जिभेला धार. पहिल्याच बैठकीत तिनं त्याला धरलं. मी बाजूलाच होतो, चहाच्या आशेनं.

“सर, आमच्या सर्वेत या वॉर्डात असं कुणीच निघालं नाही.”

“कसं निघणार, अम्मा? तुम्ही आईला विचारलंत. जिनं डबा भरलाय तिला विचारायचं नसतं, जो डबा खातो त्याला बघायचं.”

“कुठं बघायचं?”

“जिथं सावली फुकट, पाणी फुकट, आणि ‘काय पाहिजे’ म्हणून कुणी विचारत नाही तिथं. स्टेशन. तळ्यावरची बाकं. देवळाचं आवार.”

“तिथं शंभर माणसं बसतात, सर. ओळखायचं कसं?”

“अकरा वाजता,” व्यंकण्णा म्हणाला.

काम करणाऱ्या माणसाला भूक साडेबाराला लागते, भोंग्याबरोबर. ज्याला काम नाही तो अकराला डबा उघडतो. भूक लागली म्हणून नव्हे. सबंध दिवसात त्याला करण्यासारखं तेवढंच असतं म्हणून. इस्त्रीचा शर्ट, पुसलेले बूट, अकरा वाजता उघडलेला डबा आणि शीत शीत करून खाणं… हे दिसलं की समजायचं. शिल्पानं वहीत लिहून घेतलं आणि चेहऱ्यावर ‘हे रिपोर्टात कसं घालू’ असं आणलं. व्यंकण्णा म्हणाला, “लिहू नका. उद्या सगळ्यांनी डबा घेऊन या आणि नऊ ते पाच बसस्टँडवर बसा. मोबाइल इथं ठेवा. कुणी ओळखीचं भेटलं तर सांगा, कामावर निघालोय.” डायरेक्टरसकट नऊ जण गेले, दहावा मी. मी पाचपर्यंत बसलो असं आजवर सांगत आलोय. सव्वा तास बसलो. बाकीचे साडेबारापर्यंत एकेक करून परत आले. सगळ्यात उशिरा शिल्पा आली. डोळे लाल झालेले. म्हणाली, “सर, दर दहा मिनिटांनी वाटत होतं, कुणीतरी मला ओळखेल.”

“ते रोज बसतात,” व्यंकण्णा म्हणाला. “वर संध्याकाळी घरी जाऊन ‘आज काम फार होतं’ असंही सांगतात. ते खोटं म्हणजे त्यांच्या डोक्यावरचं छप्पर आहे. गळकं असेल. पण गळतं म्हणून भर पावसात कुणी छप्पर उतरवतं का? आधी बाजूला दुसरं बांधा. मग ते आपल्या पायांनी बाहेर येतील.” आणि मग त्यानं त्या सगळ्यांना बजावलं की मुलांच्या घरी जायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, आणि घरच्यांपाशी त्यांच्याविषयी चकार शब्द काढायचा नाही, चांगलासुद्धा नाही. मी मागून विचारलं, “चांगला का नाही रे?” तो मान न वळवता म्हणाला, “तुझ्यासारख्यांसाठी.” सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो.

आमच्या समाजाच्या मंडळाचा मी तेव्हा सेक्रेटरी होतो. देवळामागच्या हॉलमध्ये आम्ही मोटार वाइंडिंगचा वर्ग चालवत होतो. जळलेल्या मोटारीची तार उलगडून नवी गुंडाळायची, मिक्सर, पंखे, पाण्याचे पंप. सहा खुर्च्या आणि दीड विद्यार्थी. दीड अशासाठी की एक जण अर्धा वेळ झोपलेला असायचा. व्यंकण्णा मला म्हणाला, “खुर्ची एक रिकामी ठेव. माणूस बघून ठेवलाय.” तो माणूस म्हणजे रेणुका.

रेणुका बावीस वर्षांची. वडील मारुतीराव पवार नालबंद. आयुष्य घोड्यांच्या पायाशी गेलेला माणूस, ताठ, कमी बोलणारा. मुलीचा मात्र फार अभिमान. पीयूसीला, म्हणजे बारावीला, एका विषयात राहिली तेव्हा तिनं घरी पास झाल्याचं सांगितलं. एकदा सांगितलं की पुढची पायरी आपोआप येते. तिनं सांगितलं, हेब्बाळच्या मोठ्या कंपनीत निवड झाली, दोन वर्षं शिकाऊ, पगार नंतर. मारुतीराव रोज सकाळी तिला स्कूटरवरून बसथांब्यावर सोडायचे आणि बस सुटेपर्यंत उभे राहायचे. म्हणून तिला हेब्बाळच्या बसमध्ये चढावंच लागायचं. दोन थांब्यांनंतर उतरायची, स्टेशनवर यायची आणि नंजनगूडची गाडी धरायची. तिथं ओळखीचं कुणी नाही, फलाटावर सावली आहे. गळ्यात कंपनीचा असतो तसा पट्टा, कार्ड उलटं. व्यंकण्णाला ती अकराच्या डब्यावरून सापडली. तो शेजारच्या बाकावर बसायला लागला. पहिले कितीतरी दिवस नुसताच बसला. मग एक दिवस लोणच्याची फोड पुढं केली. शेवटी तिनंच विचारलं, “मामा, तुम्ही रोज इथं काय करता?”

“घरी बसवत नाही, पोरी.”

ती रुळाकडं बघत म्हणाली, “मलापण.”

वर्गात ती आली तेव्हा दीड वर्षाचं खोटं पाठीवर होतं. पण हात काय होते! बाप घोड्याचा खूर मांडीवर घेऊन जसा बघायचा, तशी ती मोटार मांडीवर घेऊन बघायची. तिनं गुंडाळलेल्या मोटारीचा पंखा इतका फिरायचा की हॉलचं छप्पर चार बोटं वर उचललं जायचं… हे माझं. पण तिची एकही मोटार परत आली नाही, हे खरं. पाच महिन्यांत शिकवणारे तिच्याकडून शिकायला लागले. व्यंकण्णानं हेब्बाळलाच एक लहान वर्कशॉप शोधलं, मालकाला तिचं काम दाखवलं. मालक म्हणाला, एक तारखेपासून पाठवा, पगारावर.

आता नीट ऐका. एक तारखेला ती नेहमीसारखी डबा घेऊन निघणार होती, बापाच्या स्कूटरवरून थांब्यावर जाणार होती, हेब्बाळच्या बसमध्ये चढणार होती आणि या वेळी हेब्बाळलाच उतरणार होती. घरात कुणाला काही न कळता एवढं मोठं खोटं एका सकाळी खरं होणार होतं. नऊ दिवस राहिले होते. व्यंकण्णा मला म्हणाला, “नऊ दिवस तोंडाला कुलूप लाव, बुरुडेराव. मग जन्मभर बोल.” मी देवळाकडं हात करून शपथ घेतली.

तिसऱ्या दिवशी आमच्या समाजात एक लग्न होतं. कल्याण मंटपात पंगत बसली, माझ्या समोरच्या रांगेत मारुतीराव. एरवी न बोलणारा माणूस, पण त्या दिवशी कुणीतरी मुलीविषयी विचारलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “कंपनी म्हणजे सगळी काच,” ते सांगत होते. “गळ्यातलं कार्ड दाखवलं की दार आपोआप उघडतं. माझी रेणुका आत गेली की दार मागं आपोआप मिटतं.” लोक घास थांबवून ऐकत होते. आता माझा स्वभाव सांगतो. दुसऱ्याची थाप माझ्यापेक्षा उंच गेली की मला अन्न उतरत नाही. आणि ही थाप आहे हे त्या अख्ख्या पंगतीत मला एकट्याला ठाऊक होतं. ती फोडावी असं मनात नव्हतं, देवाशप्पथ नव्हतं. मला फक्त श्रेय हवं होतं. त्या मुलीच्या हातात कला आली ती माझ्या हॉलमध्ये, माझ्या खुर्चीवर, आणि टाळ्या कुठल्या काचेला? मी म्हणालो, आणि माझा आवाज तुम्हाला ठाऊक नाही, तीन पंगतींना पुरतो, “कसली काच घेऊन बसलात, मारुतीराव! तुमची रेणुका आमच्या मंडळाचं रत्न आहे! मोटार वाइंडिंगमध्ये पहिली!”

ते हसले. त्यांना वाटलं, नेहमीची थाप. “कधी येते ती तुमच्याकडं? रविवारी?”

इथं थांबलो असतो तर… माझ्या थापांच्या नावलौकिकानं मुलगी वाचली असती. कुणीही विश्वास ठेवला नसता. पण आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं खरं होतं आणि ते कुणी खरं मानत नव्हतं, हे मला सोसेना. मी म्हणालो, “रविवारी कशाला? रोज! नऊ ते चार. पाच महिने, एक खाडा नाही. हजेरीची वही आणून दाखवू?”

वाढप्याचा हात भातावर तसाच राहिला. मारुतीराव संतापून उठले असते तर बरं झालं असतं. ते उठले नाहीत. पंगत उठेपर्यंत मांडी घालून, पानावरच्या भाताकडं बघत बसून राहिले. मग सगळ्यांबरोबर उठले, सगळ्यांसारखे हात धुतले आणि यजमानांना नमस्कार करून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते तिच्या आईनं नंतर पद्माक्काला सांगितलं. ओरडणं नाही, मारणं नाही. रेणुकानं भरलेला डबा उचलला तेव्हा मारुतीरावांनी तो तिच्या हातातून घेतला आणि फळीवर ठेवला. म्हणाले, “राहू दे. ज्याला जायला जागा आहे त्याला डबा.” स्कूटरची किल्लीही खुंटीवर अडकवून ठेवली. ती नेहमीच्या वेळी निघाली, गळ्यात पट्टा घालून, पायी. नऊ वाजता मी हॉल उघडायला गेलो तर कडीला पट्टा लटकत होता. कार्ड मी पहिल्यांदाच सुलटं करून बघितलं. आत पांढरा पुठ्ठा होता, कोरा. इतके महिने ती कोरा पुठ्ठा उलटा घालून फिरत होती.

त्यानंतर तिला कुणी बघितलं नाही. पोलिसात तक्रार झाली. व्यंकण्णा आणि मी चामराजनगरपर्यंत प्रत्येक स्टेशन, प्रत्येक बसस्टँड, प्रत्येक देवळाची जेवणाची रांग बघून आलो. मारुतीराव वेगळे शोधत होते. एकदा नंजनगूडला देवळासमोर आम्ही समोरासमोर आलो, ते माझ्या अंगातून पलीकडचं बघावं तसे बघून पुढं गेले. मग एक तारीख आली. वर्कशॉपच्या मालकानं अकरापर्यंत वाट बघितली आणि फोन केला, “मुलगी येणार होती ना?” फोन व्यंकण्णानं घेतला. त्यानं काय उत्तर दिलं मला माहीत नाही. मी हॉलच्या बाहेर गेलो होतो.

तो मला शिव्या देईल म्हणून मी वाट बघत होतो. त्यानं दिल्या नाहीत. तिच्या रिकाम्या खुर्चीजवळ बसला आणि म्हणाला, “साठ वर्षं बुरुडे बिडलीस, कुणाच्या केसाला धक्का लागला नाही. एकदा खरं बोललास, तेही कुणी विचारलं नसताना.” मी म्हणायला लागलो, “व्यंक्या, माझा हेतू…” तो म्हणाला, “सुम्निरो.” म्हणजे गप्प राहा. रागानं नाही. थकून.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं नंजनगूडचा तो बाक धरला. सकाळी एखाद्या संस्थेनं बोलावलं तर ते काम दुपारवर ढकलायचा, दुपारचं उद्यावर, पण अकरा वाजता बाकावर. डबा तीन कप्प्यांचा. एक त्याचा, एक त्या दिवशी फलाटावर जो कुणी अकराला डबा उघडेल किंवा ज्याच्याकडं डबाही नसेल त्याच्यासाठी, आणि तिसरा रेणुकाचा. “येईल तेव्हा भूक लागलेली असेल,” एवढंच तो म्हणायचा. त्या बाकावरून त्यानं किती मुलं उठवून कामाला लावली याचा आकडा मी सांगितला तर तुम्ही मानणार नाही, आणि बरोबरच आहे. बरीच होती. पण गाडी आली की तो प्रत्येक डबा बघायचा, आणि गाडी गेली की खांदे जरा उतरायचे, हे मी सोबत गेलो तेव्हा बघितलंय. सोबत मी फार वेळा गेलो नाही. बहाणे करण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

तेराव्यानंतर शिल्पाच्या संस्थेनं शोकसभा ठेवली. ती आता तिथली मुख्य आहे, आणि शहरातल्या निम्म्या संस्थांची माणसं तिच्या हाताखालून गेलेली. हॉल भरलेला. ती उभी राहिली आणि म्हणाली, “सर प्रत्येक नव्या बॅचला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचे. म्हणायचे, ‘एका लग्नाच्या पंगतीत मी एका मुलीची बढाई मारली. आठवडाभराचं काम उरलं होतं. ती मुलगी गेली. माझ्या जिभेनं गेली. तुम्ही घरच्यांपाशी चांगलंही बोलू नका.’ एवढा मोठा माणूस, आणि स्वतःची चूक दर वेळी उभं राहून सांगायचा…” लोक डोळे पुसत होते. मी कुठल्याही सभेत माइक असो नसो बोलतो. आभाराच्या वेळी तर मला आवरावं लागतं. त्या दिवशी मी तिसऱ्या रांगेत बसून राहिलो. पद्माक्कानं एकदाच मागं वळून माझ्याकडं बघितलं.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, “अक्का, तुला हे ठाऊक होतं?”

“होतं. मी विचारलंपण होतं त्यांना, दुसऱ्याचं का अंगावर घेता म्हणून.”

“मग?”

“राग येईल, भावजी.”

“येऊ दे.”

“म्हणाले, बुरुडेरावाच्या नावानं सांगितली तर ती गोष्ट कोण खरी मानेल?”

मैत्री होती, माया होती, म्हणून त्यानं झाकलं असं मी दोन आठवडे स्वतःला सांगून बघितलं. तेही थोडं असेल. पण ऐकणाऱ्यांना ती गोष्ट खरी वाटायला हवी होती, पुढच्या कुणा रेणुकासाठी, आणि माझ्या नावात तेवढं वजन नव्हतं. म्हणून त्या सरळ माणसानं जन्मात एक थाप मारली, आणि ती सात वर्षं, प्रत्येक बॅचसमोर, उभं राहून मारली. आता तो नाही. तेव्हा ज्या ज्या संस्थांत त्यानं ती गोष्ट सांगितली त्यांच्यासाठी इथं लिहितो. त्या पंगतीत बोललेली जीभ व्यंकटराव इंगळ्यांची नव्हती. माझी होती. गोष्टीतलं बाकी सगळं तसंच ठेवा. हे तरी माझ्या नावावर खरं मानावं, एवढीच विनंती.

डबा मी पद्माक्काकडून मागून घेतला. ती सकाळी भरते, मी न्यायला जातो. पहिल्या दिवशी चित्रान्नावर लिंबाच्या लोणच्याची फोड ठेवताना ती म्हणाली, “लोणचं मारुतीरावांकडचं आहे. त्यांची बायको दर वर्षी बरणी आणून दारात ठेवते. काही बोलत नाही.” मीही काही बोललो नाही. शिकतोय.

मागच्या गुरुवारी त्या बाकावर एक पंचविशीचा माणूस येऊन बसला. इस्त्रीचा शर्ट, पुसलेले बूट, गळ्यात पट्टा, कार्ड उलटं. अकराला पाच कमी असताना त्यानं डबा उघडला. माझ्या तोंडाशी हत्ती आला होता, छत्रीसकट. मी तो गिळला. बऱ्याच वेळानं त्यानं कन्नडात विचारलं, “तुम्ही इथं कसे?”

“कँटीनमध्ये आहे मी,” मी म्हणालो. “आज सुट्टी.”

“मी हेब्बाळला असतो,” तो म्हणाला. “मलाही आज… सुट्टीच.”

“बरं,” मी म्हणालो आणि लोणचं त्याच्याकडं सरकवलं.

शुक्रवारी तो पुन्हा आला. सुट्टीविषयी मी विचारलं नाही. दोन कप्पे रिकामे होतात, तिसरा संध्याकाळी तसाच परत येतो. पद्माक्का तो दारातच हातात घेते आणि वजन बघते. जड असतो. ती काही बोलत नाही… मीही नाही.